आद्य दीर्घिकांतील धूळ

संगमनेरहून प्रवरेच्या काठाने पश्चिमेकडे निघाले, की अकोले मागे पडल्यावर दिव्यांची गर्दी विरळ होत जाते आणि भंडारदऱ्याच्या परिसरात पुरेसा काळोख मिळतो. पावसाळा सरल्यानंतर, आश्विन-कार्तिकातील अमावास्येच्या सुमारास तेथे रात्री आकाश निरखले, तर माथ्याजवळच्या हंस तारकासमूहापासून गरुडावरून नैर्ऋत्येला धनूपर्यंत उतरणारा आकाशगंगेचा फिकट पट्टा दिसतो. हा पट्टा सलग नाही. हंसापासून खाली त्याच्या मधोमध एक काळी भेग गेलेली आहे आणि तिच्यामुळे पट्ट्याचे दोन फाटे झाल्यासारखे वाटतात. त्या भेगेत तारे नाहीत असा समज दीर्घकाळ होता. विल्यम हर्शेलसारख्या निष्णात निरीक्षकालाही अशा जागा म्हणजे आकाशातील भोकेच वाटली होती. वस्तुतः तेथे ताऱ्यांची वाण नाही. त्यांच्या आणि आपल्यामध्ये धुळीचा पडदा आहे.

दूरच्या तारकागुच्छांचा प्रकाश वाटेतील अशा द्रव्यामुळे मंद होतो, हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० मध्ये मोजमापांनिशी दाखवून दिले. तेव्हापासून खगोलशास्त्रज्ञांचे धुळीशी नाते त्रासाचेच राहिले. अंतरे चुकवणारी, तेज घटवणारी, रंग बदलणारी ही एक अडचण, अशीच तिची नोंद होत असे. गेल्या तीन दशकांत मात्र ही अडचणच संशोधनाचा विषय झाली आहे. विश्व अगदी बाल्यावस्थेत असताना, पहिल्या शंभर कोटी वर्षांच्या आतच, काही दीर्घिकांत भरपूर धूळ साठलेली आढळते. इतक्या लवकर ती आली कोठून, याचे पूर्ण समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.

धूळ म्हणजे काय?

अवकाशातील धूळ ही रस्त्यावरच्या धुळीसारखी नसते. तिचे कण बहुधा मायक्रोमीटरहून लहान, म्हणजे उदबत्तीच्या धुरातील कणांच्या जातीचे असतात. ढोबळमानाने त्यांचे दोन प्रकार आहेत. एक सिलिकेटांचा, म्हणजे सिलिकॉन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, लोह यांच्या संयुगांचा. हा वाळू-दगडाचा नातलग. दुसरा कार्बनचा, समईच्या ज्योतीवर धरलेल्या वाटीला जी काजळी धरते, तिच्याशी त्याचे जवळचे साम्य आहे. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या दरम्यान जे द्रव्य पसरलेले आहे, त्यात वस्तुमानाने धूळ सुमारे एक टक्काच भरते. उरलेला सगळा वायू.

परंतु या एका टक्क्याचा प्रभाव मोठा आहे. धूलिकण निळा आणि अतिनील प्रकाश अधिक अडवतात, तांबडा त्या मानाने कमी. गोरजवेळी गुरांच्या खुरांनी उडालेल्या धुळीतून मावळतीचा सूर्य अधिकच तांबूस भासतो. दूरचे तारे लालसर दिसण्यामागेही हाच प्रकार असतो. आकाशगंगेच्या केंद्राकडून आपल्याकडे निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एखादा कण पृथ्वीपर्यंत पोहोचतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विरळ वायूतील हायड्रोजनचे दोन अणू परस्पर भेटून रेणू बनणे अवघड असते. धूलिकणाच्या थंड पृष्ठभागावर ते सहज घडते. असे रेणूंचे ढग थंड होतात, आकसतात आणि त्यांतून तारे जन्मतात. ताऱ्याभोवती उरलेल्या तबकडीतील धूळ एकमेकींना चिकटत जाऊन खडे, धोंडे आणि अखेर ग्रह तयार होतात. भंडारदऱ्याचा कातळ हा या प्रदीर्घ साखळीचा अलीकडचा दुवा म्हणता येईल.

घड्याळाचा प्रश्न

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियम बनले, लिथियमचा लेशही बनला, आणि तेथे मूलद्रव्यांची निर्मिती थांबली. कार्बन नाही, ऑक्सिजन नाही, सिलिकॉन नाही, लोहही नाही. नुसत्या हायड्रोजन-हेलियमपासून धूळ तयार होऊ शकत नाही. त्यासाठी आधी तारे हवेत, त्यांच्या पोटात जड मूलद्रव्ये शिजायला हवीत, तारे मरून ती द्रव्ये बाहेर पडायला हवीत आणि मग ती निवून त्यांचे कण व्हायला हवेत. पहिले तारे महास्फोटानंतर दहा-वीस कोटी वर्षांत पेटले असावेत असा अंदाज आहे. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेत धूळ दिसली, तर त्याच्या आधी ताऱ्यांची निदान एक पिढी होऊन गेलेली आहे, असे खात्रीने म्हणता येते. धूळ हा त्या अर्थाने पहिल्या ताऱ्यांचा मृत्युदाखलाच आहे.

दूरच्या दीर्घिकांतील ही धूळ पाहायची कशी? ताऱ्यांचा अतिनील प्रकाश शोषून धूळ किंचित तापते. हे तापणे नावापुरतेच, कारण तिचे तापमान बहुधा निरपेक्ष शून्याच्या वर काही दहा अंशच असते. एवढ्या थंड वस्तूचे प्रारण अवरक्त पट्ट्यात, दहा-वीस सेंटिमीटरच्या हजारपट लहान, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर तरंगलांबीवर सर्वाधिक असते. विश्व प्रसरण पावत असल्याने हे प्रारण आपल्याकडे येईपर्यंत ताणले जाते. दीर्घिकेची ताम्रसृती ८ असेल, तर तरंगलांबी नऊपट होते आणि ०.१ मिलिमीटरचे प्रारण जवळपास एक मिलिमीटरवर येऊन पोहोचते. या पट्ट्यात एक मौजेची सोय आहे. दीर्घिका जितकी दूर, तितका तिच्या वर्णपटाचा अधिक तेजस्वी भाग सरकत आपल्या दुर्बिणीच्या कक्षेत येतो. अंतरामुळे होणारी तेजाची घट त्यामुळे बरीच भरून निघते आणि अतिदूरची धूळही त्या मानाने सुलभ दिसते.

याचा पहिला मोठा प्रत्यय १९९८ मध्ये आला. त्याआधी, १९९५ च्या डिसेंबरात हबल दुर्बिणीने आकाशाचा एक चिमुकला तुकडा दहा दिवस न्याहाळून हजारो दीर्घिकांचे प्रसिद्ध छायाचित्र मिळवले होते. तोच तुकडा हवाई बेटांवरील जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने ०.८५ मिलिमीटरवर पाहिला. तेथे जो सर्वांत तेजस्वी ठिपका मिळाला, त्याच्या जागी हबलच्या चित्रात काहीच नव्हते. 'एचडीएफ ८५०.१' असे नाव मिळालेली ती वस्तू किती दूर आहे, हे ठरायला आणखी चौदा वर्षे लागली. २०१२ मध्ये तिची ताम्रसृती ५.२ च्या आसपास निघाली. म्हणजे विश्व अवघे ११० कोटी वर्षांचे असताना ती तारे भराभर घडवत होती आणि धुळीच्या आड पूर्ण दडलेली होती. दृश्य प्रकाशावर विसंबून आद्य विश्वाची शिरगणती केली, तर किती घरे वगळली जातील, याचा हा नमुना.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात, सुमारे ५००० मीटर उंचीवर उभारलेल्या 'आल्मा' या ६६ अँटेनांच्या दुर्बीणसंचाने पुढचा पल्ला गाठला. २०१५ मध्ये डॅराख वॉटसन आणि सहकाऱ्यांनी 'ए१६८९-झेडडी१' या दीर्घिकेतील धुळीची नोंद केली. एबेल १६८९ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणामुळे तिचा प्रकाश कित्येकपट मोठा होऊन दिसतो, म्हणूनच ती सापडली. तिचा काळ महास्फोटानंतर सुमारे ७० कोटी वर्षांचा. पण धूळ आणि वायू यांचे प्रमाण मात्र एखाद्या प्रौढ दीर्घिकेसारखे. त्यानंतर २०१९ मध्ये जपानी संशोधक योइची तामुरा यांच्या गटाने 'मॅक्स०४१६ वाय१' या आणखी दूरच्या दीर्घिकेतील धूळ टिपली. ताम्रसृती ८.३१, विश्वाचे वय सुमारे ६० कोटी वर्षे आणि धुळीचे अनुमानित वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतके.

या शेवटच्या आकड्याची कहाणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. धुळीचे तेज मोजता येते, वजन मोजता येत नाही. ते काढण्यासाठी तापमान ठाऊक असावे लागते. ते ५० केल्व्हिन धरून ४० लाखांचा आकडा आला होता. पुढे त्याच दीर्घिकेची इतर तरंगलांबींवर पाहणी झाली आणि २०२५ मध्ये टॉम बाक्स यांच्या गटाने तिथली धूळ सुमारे ९० केल्व्हिनची, म्हणजे उणे १८० अंश सेल्सियसच्या जवळपास असल्याचे दाखवले. थंडच म्हणायची, पण दीर्घिकांतील धुळीच्या मानाने चांगलीच ऊबदार. उष्ण धूळ थोडी असली तरी अधिक तेजस्वी दिसते. अर्थात धूळ पूर्वी वाटली होती त्याहून कमी असली पाहिजे. 'इतकी धूळ इतक्या लवकर कशी?' या प्रश्नातील 'इतकी' हा शब्द असा तपासून घ्यावा लागतो.

कारखाने कोणते?

आजच्या आकाशगंगेत धुळीचा मोठा पुरवठा म्हातारपणी फुगलेल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडून होतो. त्यांच्या बाह्य थरांतून द्रव्य संथपणे बाहेर पडते आणि निवताना त्याचे कण होतात. अडचण वेळेची आहे. सूर्यासारख्या ताऱ्याला त्या अवस्थेला पोहोचायला सुमारे हजार कोटी वर्षे लागतात. सूर्याच्या कित्येक पट जड तारे लवकर म्हातारे होतात हे खरे, पण पहिल्या पन्नास-साठ कोटी वर्षांत त्यांच्या एकट्याच्या बळावर हिशेब जुळणे कठीण आहे.

उरतात ते अतिनवतारे. सूर्याच्या आठपटींहून जड तारा काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांतच आयुष्य संपवतो आणि स्फोटात आपल्या पोटातील द्रव्य उधळून देतो. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलनी मेघात दिसलेल्या '१९८७ ए' या अतिनवताऱ्याने ही शक्यता प्रत्यक्षात पारखण्याची संधी दिली. आरंभी त्याच्यात धूळ अत्यल्प, सूर्याच्या वस्तुमानाच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरली आणि अनेकांची निराशा झाली. पुढे हर्शेल अवकाश दुर्बिणीने दूर अवरक्त पट्ट्यात पाहिले, तेव्हा २०११ मध्ये मिकाको मात्सुउरा यांच्या गटाला सूर्याच्या सुमारे ०.४ ते ०.७ पट धूळ आढळली. पहिल्या पाहण्यांत ही थंड धूळ निसटली होती.

एक साधा हिशेब करून पाहता येतो. प्रत्येक अतिनवताऱ्यामागे सूर्याच्या दशांश इतकी धूळ टिकून राहिली, तर ४० लाख सूर्यांइतकी धूळ जमवायला चार कोटी स्फोट लागतील. 'मॅक्स०४१६ वाय१' मध्ये दरवर्षी सुमारे १८० सूर्यांइतके तारे जन्मत असल्याचा अंदाज आहे. अशा दीर्घिकेत वर्षाला एक-दोन स्फोट सहज होतील आणि तीन-चार कोटी वर्षांत गणित जमेल. आपल्या आकाशगंगेत शतकात दोन-तीन स्फोट होतात, हे लक्षात घेतले की त्या गर्दीची कल्पना येते. पण या गणितातील 'टिकून राहिली' हे शब्द फसवे आहेत. स्फोटाने उधळलेले द्रव्य भोवतालच्या वायूवर आदळते, त्या धक्क्याची लाट उलटून आत येते आणि नुकतेच बनलेले कण झिजवते, फोडते. दहातले किती कण यातून वाचतात, यावर एकमत नाही. म्हणून काही संशोधक म्हणतात, की अतिनवतारे फक्त विरजण पुरवतात. त्या मोजक्या कणांवर थंड ढगांतील जड अणू चिकटत जाऊन धूळ तेथेच वाढते. हा तर्क आकर्षक असला तरी तेवढ्या लवकर, तेवढ्या ऊबदार परिसरात कण कसे वाढतील, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक उमेदवार आहे: वुल्फ-रायेट जातीचे, अतिशय जड आणि अल्पायुषी तारे. 'डब्ल्यूआर १४०' या जोडताऱ्याभोवती २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला धुळीची सतरा वलये एकात एक दिसली. दोन तारे सुमारे आठ वर्षांनी एकदा एकमेकांजवळ येतात, त्यांचे वारे आदळतात आणि कार्बनयुक्त धुळीचे एक नवे वलय बाहेर पडते. झाडाच्या खोडावरील वलयांसारखीच ही नोंद.

याच दिशेला बोट दाखवणारा पुरावा २०२३ मध्ये आला. २१७.५ नॅनोमीटर या अतिनील तरंगलांबीवर धूळ विशेष जोमाने प्रकाश शोषते, हे आपल्या आकाशगंगेच्या बाबतीत १९६५ पासून माहीत आहे; ग्रॅफाइटसारखे किंवा जटिल कार्बनी रेणूंचे कण त्यामागे असावेत असे मानले जाते. योरिस विटस्टॉक आणि सहकाऱ्यांना हीच खूण वेब दुर्बिणीच्या साहाय्याने ६.७१ ताम्रसृतीच्या दीर्घिकेत सापडली. तेव्हा विश्व सुमारे ८० कोटी वर्षांचे होते. कार्बनी कण एवढ्यात तयार झाले असतील, तर संथ गतीने चालणाऱ्या राक्षसी ताऱ्यांवर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

धुळीची फसवणूक आणि पुण्याची 'अलकनंदा'

वेबच्या पहिल्याच वर्षी धुळीने भल्याभल्यांना चकवले. २०२२ मध्ये 'सीअर्स-९३३१६' ही वस्तू ताम्रसृती १६ च्या पुढची, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षांची दीर्घिका असल्याचा अंदाज निघाला. ती इतकी तेजस्वी होती, की तो अंदाज खरा ठरता तर विश्वरचनेची प्रचलित प्रतिमानेच अडचणीत आली असती. २०२३ मध्ये तिचा वर्णपट घेतला गेला आणि ताम्रसृती निघाली ४.९. ती सुमारे १२० कोटी वर्षे वयाच्या विश्वातील धुळकट दीर्घिका होती. धुळीने लाल झालेला प्रकाश आणि काही तीव्र वर्णरेषा यांच्या संयोगाने तिने प्रचंड अंतराचे सोंग वठवले होते. छायाचित्रांतील रंगांवरून अंतर ठरवताना हा धोका कायम राहतो. लाल रंग अंतरामुळे येतो, वयस्क ताऱ्यांमुळे येतो आणि धुळीमुळेही येतो.

यावर उपाय म्हणजे एकाच दीर्घिकेला अनेक गाळण्यांतून पाहणे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांच्या २०२५ मधील शोधाला याचाच आधार आहे. एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या दिशेने वेब दुर्बिणीने वीसच्या घरात गाळण्या वापरून घेतलेल्या चित्रांत त्यांना दोन सुस्पष्ट बाहू असलेली एक सर्पिल दीर्घिका मिळाली. महास्फोटानंतर सुमारे १५० कोटी वर्षांनीच तिचा घाट पूर्ण झालेला दिसतो. तिला त्यांनी 'अलकनंदा' हे नाव दिले. हिमालयातील अलकनंदेची बहीण मंदाकिनी, आणि मंदाकिनी हे आकाशगंगेचेही हिंदी नाव. अलकनंदेत सुमारे हजार कोटी सूर्यांइतके तारे आहेत आणि ती दरवर्षी साठ-एक सूर्यांइतके नवे तारे घडवते. हे आकडे धुळीचा वाटा वेगळा काढल्याशिवाय सांगताच येत नाहीत. प्रकाशाची कपात किती आणि मूळ तेज किती, हे अनेक गाळण्यांमुळेच उलगडते.

हे केंद्र संगमनेरकरांना शेजारचेच वाटावे. पुणे-नाशिक महामार्गाने संगमनेरहून दक्षिणेला नारायणगावकडे गेले, की जवळच खोडद येथे त्याची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, उभी आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि त्यामागे गोविंद स्वरूप यांची दूरदृष्टी. या दुर्बिणीला आद्य दीर्घिकांतील धूळ दिसत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तिच्या तबकड्या तारांच्या जाळीच्या आहेत. लांब रेडिओ तरंगांना ती जाळी आरशासारखी असते, मिलिमीटर तरंग मात्र तिच्यातून आरपार निघून जातात. पण उलट बाजूने पाहता हीच तिची जमेची बाजू. लांब तरंगांना धूळ अडवू शकत नाही. अतिनवताऱ्यांनी वेगवान केलेल्या इलेक्ट्रॉनांचे रेडिओ प्रारण धुळीच्या पडद्याआडूनही तसेच येते, आणि दीर्घिकेत खरोखर किती तारे जन्मत आहेत याचा धुळीने न बिघडलेला हिशेब त्यावरून मांडता येतो.

नारळीकरांची धूळ

विश्वरचनाशास्त्रात धुळीला सर्वांत मोठी भूमिका देऊ पाहणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण १९६५ मध्ये सापडले आणि ते महास्फोटाचा अवशेष मानले जाऊ लागले. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासह १९६७ मध्येच वेगळा पर्याय सुचवला: ताऱ्यांचा प्रकाश धूलिकणांनी शोषून सूक्ष्मतरंगांच्या रूपाने परत टाकला असेल तर? पुढे १९९३ पासून फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी मांडलेल्या स्थिरवत् स्थिती सिद्धांतात हे काम लोखंडाच्या केसासारख्या बारीक, लांबट कणांवर सोपवले होते. असे कण अतिनवताऱ्यांच्या निवत्या वायूत तयार होऊन दीर्घिकांबाहेर फेकले जातात, अशी त्यांची मांडणी होती.

हा पर्याय मान्य झाला नाही. कोबे उपग्रहाने १९९० मध्ये दाखवलेला पार्श्वप्रारणाचा अत्यंत निर्दोष कृष्णवस्तू-वर्णपट आणि पुढच्या उपग्रहांनी मोजलेले त्यातील सूक्ष्म चढउतार महास्फोटाच्या प्रतिमानाशी उत्तम जुळतात. शिवाय मिलिमीटर तरंगांना अडवण्याइतकी धूळ सर्वत्र असेल, तर त्याच तरंगांत अतिदूरच्या वस्तू दिसतात कशा, हा टीकाकारांचा मुद्दा होता. पूर्वीच्या दाट अवस्थेत धूळ अधिक परिणामकारक होती, असे त्याचे उत्तर सिद्धांतकर्ते देत. निर्णय विरोधात गेला असला, तरी एक गोष्ट नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पदरात घालायला हवी. अतिनवतारे किती धूळ बनवतात, ती कोणत्या आकाराची असते आणि दीर्घिकेबाहेर किती जाते, हे प्रश्न आज आद्य दीर्घिकांच्या संदर्भात जसेच्या तसे पुन्हा विचारले जात आहेत.

त्यातला शेवटचा प्रश्न सध्या ऐरणीवर आहे. वेबला ताम्रसृती १० च्या पलीकडे ज्या दीर्घिका मिळाल्या, त्यांतील अनेक अपेक्षेहून तेजस्वी आणि निळ्या आहेत. धुळीचा मागमूस जवळजवळ नाही. इटलीचे आंद्रेआ फेरारा यांच्या मते तिथे धूळ बनते, परंतु नव्या ताऱ्यांच्या प्रखर प्रारणाच्या दाबाने ती लगेच बाहेर ढकलली जाते. इतरांना वाटते, की ती अद्याप पुरेशी बनलेलीच नाही. 'जेड्स-जीएस-झेड१४-०' ही दीर्घिका या वादाच्या मध्यभागी आहे. २०२५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी आल्माच्या साहाय्याने तिच्यात ऑक्सिजन असल्याचे दाखवले आणि तिची ताम्रसृती १४.१८ अशी नक्की केली. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्याही आत ताऱ्यांची एक पिढी मरून तिची राख वायूत मिसळली होती, असा त्याचा अर्थ. त्याच निरीक्षणांत धुळीचे प्रारणही शोधले गेले. ते आढळले नाही. तेथून 'मॅक्स०४१६ वाय१' पर्यंतच्या तीस-एक कोटी वर्षांत धूळ कधी आणि कशी साचली, याचा शोध आता चालू आहे.